फाटक लावणारा

गेल्या महिन्यात मी माझ्या टेबलावरच्या छोट्या रेल्वेत दारव्हा स्टेशनच्या सिग्नलचा हात चुकीच्या बाजूला बसवला. जुन्या पद्धतीच्या सिग्नलला पत्र्याचा जो आडवा हात असतो, तो येणाऱ्या ड्रायव्हरला खांबाच्या डावीकडे दिसायला हवा. मी उजवीकडे चिकटवला. अर्ध्या आगकाडीएवढा तुकडा, लाल रंग, त्यावर पांढरा पट्टा, सगळं व्यवस्थित, फक्त बाजू उलटी. चार दिवस तो तसाच होता. या चार दिवसांत बायकोने पाहिला, शाळेतली दोन-तीन मुलं येऊन गेली, नागपूरहून आलेल्या भाच्याने फोटोही काढले. सगळ्यांना आवडला. पाचव्या दिवशी माझंच लक्ष गेलं आणि मी तिथेच स्टुलावर बसून राहिलो.

मिस्त्री असते तर दारातूनच ओरडले असते. चप्पल काढायच्या आधी.

मिस्त्री म्हणजे आमच्या गावचे सुतार. त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे, मीही कधी मारली नाही. दारं-खिडक्या, वखराची दांडी, तिफण, लग्नाचा पलंग आणि तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी, हा त्यांचा धंदा. आणि गेली कितीतरी वर्षं रोज संध्याकाळी तास-दीड तास आम्ही दोघं माझ्या घराच्या मागच्या खोलीत छोटी रेल्वे चालवत होतो. बाबांच्या काळात त्या खोलीत कापूस भरून ठेवायचे, भाव चढेपर्यंत. अजूनही भिंतीच्या फटीत कुठेतरी सरकी सापडते. आता तिथे बारा फूट लांब आणि अडीच फूट रुंद टेबल आहे, आणि त्या टेबलावर दारव्हा आहे.

सुरुवात एकट्याने केली होती. एका प्रशिक्षणासाठी पुण्याला गेलो असताना कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं. ते १९९८ साली सुरू झालं. एका मोठ्या टेबलावर अख्खं शहर, त्यातून धावणाऱ्या गाड्या, सिग्नल, दिवे. बाहेर पडलो तेव्हा पाय जमिनीला लागत नव्हते. परतीच्या वाटेवर मुंबईत भावाकडे थांबलो आणि तिथून एक जपानी सेट घेऊन आलो: नऊ मिलिमीटर रुंदीचा रूळ, गोल जोडायचा, एक डिझेल इंजिन, चार डबे. सोबत पुठ्ठ्याची दोन घरं आणि एक चर्च, उतरत्या छपरांची, छपरावर बर्फ रंगवलेला.

जमिनीवर मांडून चालवायचो. धूळ जायची, इंजिन अडायचं. म्हणून टेबल करायला मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी माप घेतलं, आणि मग विचारलं, "सर, हे एवढं सपाट कायले पायजे?" मी सेट काढून दाखवला. त्यांनी इंजिन हातात घेतलं, उलटं केलं आणि चाकावरून अंगठा फिरवला. फिरवतच राहिले. "हे चाक उतरतं हाय," ते म्हणाले.

मला तोवर ते माहीत नव्हतं. मागाहून वाचलं. रेल्वेच्या चाकाची धाव सपाट नसते, ती थोडी निमुळती असते. खऱ्या चाकाला विसास एक असा उतार देतात. त्यामुळेच गाडी रुळाच्या मधोमध राहते आणि वळणावर बाहेरचं चाक आपोआप जास्त अंतर कापतं. एवढाल्या चाकातला तो उतार त्या माणसाला अंगठ्याने कळला होता. मी त्याच दिवशी ठरवलं की टेबल झाल्यावरही यांना जाऊ द्यायचं नाही.

टेबल झालं. मी गोल रूळ मांडला, गाडी सोडली. मिस्त्री बराच वेळ पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "गाडी गोल गोल फिरते, पन जाते कुठी?" आणि थोड्या वेळाने, जणू स्वतःशीच: "गाडीले गाव पायजे."

त्यांचे वडील लाईनीवर गँगमन होते. आमच्याकडे 'लाईन' म्हटलं की दुसरं काही नसतं, मूर्तिजापूर-यवतमाळची लाईन. लोकांची शकुंतला. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे नावाची कंपनी काढली आणि वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाईनीपर्यंत, तिथून मुंबईला आणि मग बोटीने मँचेस्टरला पोचवायला ही छोटी लाईन टाकली. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, एक यवतमाळला. स्वातंत्र्य आलं तरी लाईन कंपनीच्याच मालकीची राहिली. मँचेस्टरमध्येच १९२१ साली बनलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १९२३ पासून तिच्यावर धावत होतं. १५ एप्रिल १९९४ रोजी ते काढलं आणि डिझेल लागलं. त्या दिवशी मिस्त्री स्टेशनवर होते. रुळाकाठचा कोळशाचा एक तुकडा त्यांनी उचलून आणला होता. तो त्यांच्या अवजारांच्या पेटीत, पटाशीच्या खालच्या खणात, कागदात गुंडाळलेला असायचा.

माझं आजोळ कारंज्याचं. लहानपणी आईबरोबर त्याच गाडीने जायचो. खिडकीतून हात काढून बाभळीला लावता यायचा, एवढी ती हळू आणि एवढी जवळून जायची. म्हणून मिस्त्रींनी 'गाव पायजे' म्हटलं तेव्हा कोणतं गाव हे कुणी कुणाला विचारलं नाही. चर्च मी त्याच रात्री डब्यात भरून ठेवलं.

पुढची गोष्ट मापाची आहे आणि ती मला नीट सांगायची आहे, कारण आमची मैत्री मापावरच उभी राहिली. शकुंतलेचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. छोट्या रेल्वेत सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण आहे सत्त्याऐंशीस एक, त्याला एचओ म्हणतात. ७६२ ला ८७ ने भागलं की ८.७६ येतात. माझ्याकडचा रूळ नऊ मिलिमीटरचा. पाव मिलिमीटरचा फरक! ऑस्ट्रियातल्या डोंगरी लाईनींचा गेज ७६० आहे आणि तिथले शौकीन हाच नऊ मिलिमीटरचा रूळ वापरतात. म्हणजे रूळ आणि चाकं जपानी सेटची ठेवायची, फक्त त्यावरचं सगळं सत्त्याऐंशीस एक या मापाने नव्याने बांधायचं. इंजिनाचा वरचा सांगाडा मी पुठ्ठ्याचा केला, डबे मिस्त्रींनी सागवानाच्या पातळ पापुद्र्यांचे केले. रंध्यातून निघालेल्या साली ते वहीत दाबून ठेवायचे. त्यांची पाच डब्यांची गाडी अजून माझ्यासमोर आहे, तिच्या खिडक्यांचे गज घोड्याच्या शेपटीच्या केसांचे आहेत.

एकदा त्यांनी विचारलं, "पुरी लाईन केली तं किती जागा लागन?"

यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर. भागाकार केला: जवळपास तेराशे मीटर. माझ्या टेबलावर तर जेमतेम तीनशे मीटरची दुनिया मावत होती, स्टेशन, एक फाटक आणि थोडं शेत. मिस्त्री काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सायकल न घेता आले आणि म्हणाले, चला. त्यांच्या घराच्या ओट्यापासून आम्ही चालायला लागलो. ओटा म्हणजे मूर्तिजापूर. मी पावलं मोजत होतो, ते स्टेशनं सांगत होते. कारंजा पिठाच्या गिरणीपाशी आलं. गावाबाहेर पांदीला लागलो आणि पुढे दारव्हा एका चिंचेखाली. तिथे ते थांबले, कारण गाडी तिथे थांबायची, आणि बिडी पेटवली. मग लाडखेड. सतराशेच्या आसपास पावलं झाली तेव्हा नाला आला. नाल्याच्या अलीकडच्या धुऱ्यावर उभं राहून ते म्हणाले, "हे यवतमाळ." ऑक्टोबरचे दिवस होते, पऱ्हाटीला बोंडं फुटत होती, पांढरं दिसायला लागलं होतं. आम्ही मागे वळून पाहिलं. एवढीशी वाट, आणि त्यात वडिलांची सगळी नोकरी.

ती वाट मी नंतर पुष्कळदा चाललो, त्यांच्याबरोबर.

आता कष्टाच्या गोष्टी. आमच्याकडचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. पहिल्याच मे महिन्यात रूळ मधोमध उचलले गेले, सापासारखे वाकले. मी रूळ एकमेकांना घट्ट भिडवून टाकले होते. मिस्त्रींनी पाहिलं आणि काही न बोलता दर जोडाशी बारीक करवतीने फट पाडली, पोस्टकार्ड जाईल एवढी. "रुळाले श्वास घ्याले जागा ठेवा लागते," ते म्हणाले. हे वडिलांचं वाक्य. खऱ्या लाईनीवरही फिशप्लेटच्या जोडाशी अशी फट सोडतात, त्यातूनच तो खटखट आवाज येतो. मी हिशेब केला, बारा फुटांच्या रुळात थंडी आणि उन्हाळा मिळून पावणेदोन मिलिमीटरचा फरक पडतो. शिवाय कोरड्या हवेत टेबलाचं लाकूड आक्रसतं. रूळ वाढणार, लाकूड कमी होणार, मग रुळाने जायचं कुठे? त्यानंतर रूळ कधी उचलले गेले नाहीत.

मग वीज. भारनियमनाच्या काळात संध्याकाळी नेमकी आमच्याच वेळेला जायची. छोटी गाडी बारा व्होल्टवर चालते, हे त्यांनी माझ्याकडून ऐकलं होतं. तिसऱ्या दिवशी मोटरसायकलची बॅटरी घेऊन हजर! मला भीती वाटली, कारण बॅटरीत जोर फार असतो. गाडी रुळावरून उतरून शॉर्ट झाली तर तारा जळायच्या. त्यावरही त्यांनी गॅरेजवाल्याला विचारून उपाय आणला होता. बॅटरीकडून रुळाकडे जाणाऱ्या तारेत मधे इंडिकेटरचा बल्ब जोडायचा. एरवी तो विझलेला राहतो, शॉर्ट झालं की सगळा जोर बल्बात जातो आणि तो लख्ख पेटतो. तारा वाचतात, आणि गाडी घसरली हेही कळतं. अंधाऱ्या खोलीत कंदिलाच्या उजेडात गाडी चालायची आणि मधेच तो पिवळा बल्ब पेटायचा. "उतरली," मिस्त्री म्हणायचे, आणि दोघं वाकायचो.

वेगावरून त्यांनी मला फार छळलं. मी गाडी जोरात सोडायचो, ते तोंड फिरवायचे. "एवढ्या जोरात गेली तं बायामानसं चढतीन कशे?" शेवटी तोही हिशेब केला. ताशी वीस किलोमीटरचा वेग म्हणजे टेबलावर सेकंदाला साडेसहा सेंटिमीटरही नाही. बारा फूट जायला जवळपास एक मिनिट. एवढ्या हळू छोटं इंजिन चालत नाही, झटके देतं, मधेच थांबतं. त्यासाठी आम्ही इंजिनात शिशाचे तुकडे भरले, वजन वाढवलं म्हणजे चाकं रुळाला नीट टेकतात आणि वीज घेतात. चाकं आणि रूळ दर आठवड्याला स्पिरिटने पुसले. हे काम मिस्त्री करायचे, पांढऱ्या धोतराच्या चिंधीने, आणि चिंधीवर किती काळं आलं ते मला दाखवायचे. वर्षभराने गाडी खरोखर एका मिनिटात पलीकडे जायला लागली. त्या संध्याकाळी आम्ही ती बत्तीस वेळा चालवली.

जमीन कशाची करायची यावर माझी मतं ठरलेली होती. बाहेर हिरवी-तपकिरी पूड विकत मिळते. मिस्त्री म्हणाले, माती मातीचीच करू. शेतातली काळी माती उन्हात वाळवली, कुटली, मलमलच्या कापडातून चाळली, पातळ फेव्हिकॉलच्या पाण्यावर पसरली. पंधरा दिवसांनी तिला भेगा पडल्या. मी बुजवायला निघालो तर त्यांनी हात धरला. काळ्या मातीला भेगा पडतातच! खाली वाकून पाहिलं तर त्या भेगा उन्हाळ्यातल्या आमच्या शेतासारख्याच, सत्त्याऐंशी पट लहान. त्या कुणी केल्या नव्हत्या, मातीने स्वतःच केल्या होत्या. झाडं पऱ्हाटीच्या आणि तुरीच्या वाळलेल्या मुळ्यांची, पळसाची फुलं रंगवलेल्या भुशाची. कापसाच्या गाठी खऱ्या कापसाच्या. आणि फाटकाशी उभी असलेली बैलगाडी ज्वारीच्या धांड्याची, भेंडाच्या बैलांसकट, लहानपणी करायचो तशीच, फक्त नखाएवढी.

नागपूरला मोतीबागेत छोट्या लाईनीचं रेल्वे संग्रहालय आहे, डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालेलं. आम्ही एकदा एसटीने जाऊन आलो. दारव्ह्याच्या स्टेशनचं नावही दारव्हा मोतीबाग, याचं मिस्त्रींना फार कौतुक होतं. मोतीबागेतून निघून मोतीबागेला आलो, असं ते वाटेत सगळ्यांना सांगत होते. तिथे त्यांनी खिशातून टेप काढली आणि एकेका इंजिनाची चाकं, पायऱ्या, दांडे मोजले. मी वहीत लिहीत गेलो. ती चौदा पानं आहेत. शेवटच्या पानावर त्यांनी माझ्याकडून पेन घेऊन स्वतः एकच ओळ लिहिली आहे: अडीच फूट बरोबर.

एकदाच आमचं खरं भांडण झालं. लाईन तोवर बंद पडली होती. रुळांतून गवत, बाभळीची रोपं, फलाटावर बकऱ्या. बाहेरच्या मासिकांत मी अशा पडीक लाईनींच्या प्रतिकृती पाहिल्या होत्या, गंजाचे रंग, तुटलेल्या खिडक्या, फार सुंदर असतात त्या. मला वाटलं आपणही आजचं दारव्हा करावं, जसं आहे तसं. शेवटी खरं तेच करायचं ना? मी गंजाचा रंग कालवून ठेवला. मिस्त्री आले, वाटीत पाहिलं, कशासाठी विचारलं. मी सांगितलं.

"मेलेल्या मानसाचा फोटो," ते म्हणाले, "कोनी मयताच्या दिवशीचा लावते का, सर?"

आणि निघून गेले. आठ दिवस आले नाहीत. मला राग आला होता, अजूनही वाटतं की माझ्या बाजूनेही बोलण्यासारखं होतं. उजाड झालेल्याचीही नोंद कुणीतरी ठेवायला हवी. पण नवव्या दिवशी मीच त्यांच्या ओट्यावर गेलो. तान्ह्या पोळ्याचे दिवस होते, ओट्यावर नंदीच नंदी, लहान-मोठे, चाकांचे, काही रंगवलेले. त्यांनी एक नंदी माझ्याकडे सरकवला आणि कानस दिली. आम्ही बोललो नाही, चाकं घासत बसलो. संध्याकाळी ते कोळशाचा तो तुकडा घेऊन माझ्याकडे आले, खलबत्त्यात त्याचा एक कोपरा कुटला आणि स्टेशनच्या मागे, इंजिनाला कोळसा भरायच्या जागी, तो भुगा स्वतः पसरला. आमच्या टेबलावर वाफेचं इंजिन नव्हतं, डिझेल होतं. तरी कोळसा आहे. माहीत असलेला कुणी विचारेल तर काय सांगायचं, हे आम्ही ठरवलं नव्हतं.

फाटकाचं सांगायचं राहिलं.

शकुंतलेच्या वाटेवर फाटकवाले नसायचे. गाडी फाटकाच्या अलीकडे थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, तो फाटक उघडायचा आणि पळत येऊन चढायचा. तिकीटंही गार्डच द्यायचा. आमच्या टेबलावर गाडी चालवायचं बटण माझ्या टोकाला, दारव्ह्याशी. फाटक तिथून नऊ फुटांवर, मिस्त्रींच्या टोकाला. ते एका दोऱ्याने खालीवर व्हायचं. मी गाडी आणून थांबवायची, ते फाटक लावायचे, हात दाखवायचे; मी गाडी पुढे काढून थांबवायची, ते फाटक उघडायचे. पण लगेच हात दाखवायचे नाहीत. फाटकाशी ती धांड्याची बैलगाडी उभी असायची. ती काही हलत नसे. मिस्त्री तिच्याकडे पाहत थांबायचे, ती रूळ ओलांडून पलीकडे जाईल एवढा वेळ. मग हात. पहिल्यांदा मी घाई केली तेव्हा म्हणाले, "बैल हायेत सर, मोटर नाई."

मागच्या वर्षी आम्ही मूर्तिजापूर सुरू करणार होतो. तिथे छोटी लाईन मोठ्या लाईनीला, मुंबई-नागपूरच्या लाईनीला भेटायची. आणि इथे पुन्हा माप आडवं आलं. बाजारात एचओचा मोठा रूळ मिळतो तो साडेसोळा मिलिमीटरचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या गेजवरून केलेला. आपला ब्रॉडगेज १६७६. भागिले ८७, एकोणीस पूर्णांक तीन. पावणेतीन मिलिमीटरचा फरक, डोळ्याला टोचणारा. मी म्हटलं, चालवून घेऊ, सगळे चालवून घेतात. मिस्त्री म्हणाले, रूळ आपण घालू. हाताने, एकेक स्लीपर कापून, वर पट्ट्या डाग देऊन. त्यासाठी आधी माप करावं लागेल, ते मी करतो.

दिवाळी झाली. वेचणीचे दिवस होते, मजूर मिळत नव्हते, सगळं गाव शेतात. मिस्त्रींना ताप आला, तो उतरेना, मुलाने यवतमाळला नेलं. पाचव्या दिवशी शाळेत तिसऱ्या तासाला निरोप आला.

मी अंत्यविधीला होतो, तेरवीलाही. तिथे माझी जागा कोणती हे मला कळत नव्हतं. भाऊ, जावई, सोयरे, गल्लीतली माणसं, प्रत्येकाला रडायला एक नातं होतं. कुणीतरी माझ्याकडे बोट करून पाहुण्यांना सांगितलं, "हे सर, मिस्त्री यांच्याकडे काम करायचे." मी काही बोललो नाही. ते माझ्याकडे काम करत नव्हते. टेबलाचे पैसे घेतल्यानंतर त्यांनी माझ्याकडून एक रुपया घेतला नाही, आणि मीही द्यायचं धाडस केलं नाही. पंगत उठल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं. भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "सर, तुमची लाईन अर्धी रायली."

त्या घरात त्या दिवशी माझ्याशी एवढं नेमकं दुसरं कुणी बोललं नाही.

त्यांनी मिस्त्रींच्या पेटीतला एक डबा माझ्या हातात दिला. त्यात कोळशाचा उरलेला तुकडा होता, घोड्याच्या केसांची जुडी होती, आणि सागवानाचा बोटभर लांब ठोकळा, त्याला दोन खाचा. घरी येऊन मी मोजल्या. एक नऊ मिलिमीटर. दुसरी एकोणीस पूर्णांक तीन.

त्या मापावर मी आतापर्यंत सव्वा फूट ब्रॉडगेज घातला आहे. स्लीपर वाकडेतिकडे पडतात. पुसून पुन्हा घालतो. मला डाग नीट देता येत नाही, ते काम त्यांचं होतं. आणि बरं झालं की वाईट, हे सांगणारं कुणी नाही. सगळे छान म्हणतात. सिग्नलचा हात उलटा असला तरी छान म्हणतात. जेवढं मला माहीत आहे तेवढंच आणि तेच माहीत असलेला, माझी चूक माझ्याआधी दिसणारा माणूस चाळीस-पन्नास गावांत एकच होता, आणि तो योगायोगाने माझ्या गल्लीपासून दोन गल्ल्या पलीकडे राहत होता. सिग्नलचा हात मी सोडवून डावीकडे लावला. मग दारात जाऊन, जिथून ते पाहायचे तिथून पाहिला.

परवा दहावीतला एक मुलगा म्हणाला, सर, फाटकाला छोटी मोटर बसवून देतो, गाडी जवळ आली की आपोआप लागेल, दोन-तीनशे रुपयांत होईल. हुशार मुलगा आहे. मी त्याला मोठ्या लाईनीच्या सिग्नलांचं काम दिलं आहे.

फाटकाचा दोरा जसा होता तसा आहे. संध्याकाळी रूळ पुसतो, गाडी सोडतो, फाटकाच्या अलीकडे थांबवतो. उठतो, टेबलाच्या कडेने चार पावलं जातो, फाटक लावतो, परत येतो. गाडी पुढे काढून थांबवतो. पुन्हा जातो, दोरा सोडतो, फाटक वर होतं. बैलगाडी पलीकडे जाईल एवढा वेळ तिथे थांबतो, आणि मग गाडीकडे येतो.